मातकट पडद्याचा हंगाम

जाळ्या लागल्या. जालन्याहून टेंभुर्णीकडं निघालं की या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या जाळ्यांचे तंबू दिसायला लागतात. आत मिरचीचे सीड प्लॉट, बियाण्यासाठी लावलेले. गाडीची काच खाली केली की वास येतो, मिरचीच्या पाल्याचा, ओल्या मातीचा, फवारणीचा, सगळ्यांचा मिळून एक. दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी काच तशीच उघडी ठेवते. यंदा मात्र वासाआधी डोळेच दिपले. जाळीशेजारच्या बाजरीत कणसं भरली होती आणि पाखरं उठवायला दोरीवर टांगलेल्या सीड्या वाऱ्यानं गरगर फिरत होत्या. सहज बघायला म्हणून गाडी थांबवली, बांधावर गेले, एक सीडी धरून उलटी केली. तिच्यावर निळ्या मार्करनं लिहिलं होतं, ‘लावा. वाटा.’

अगं बाई! हे तर आमच्या आबांचं अक्षर!

बाजरीतून एक बाई बाहेर आली. मी सीडी धरून पुतळ्यासारखी उभी, म्हणून तिला हसू आलं. म्हणाली, “घ्या की ताई एक. माळ्यावर पडून व्हत्या, यंदा काढल्या. कोनी आबा वाटत गेल्ते म्हनं राजूरच्या चतुर्थीला. काय हाये त्यात कोनाला म्हाईत, पन पाखरू फिरकत न्हाई.” त्यात काय आहे ते मला माहीत होतं. ती सीडी मीच बनवली होती. त्यात एक अख्खा लिनक्स होता. हसावं की रडावं कळेना. सीडी घेतली, पर्समध्ये ठेवली. पर्समध्ये आधीच एक पेन ड्राइव्ह होता. माझ्या मैत्रिणीनं, शाहीननं, कालच जुन्या जालन्यात माझ्या हातावर ठेवलेला. तिला जुन्या कपाटात आमच्या लग्नाचे फोटो सापडले होते, ते त्यात भरून दिले होते. मी ते अजून उघडले नव्हते. आबांसमोरच उघडायचे ठरवून निघाले होते.

आबा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन टेंभुर्णीत आले तेव्हा दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. रुखवतात लाडू-चिवड्यांच्या जोडीला माझा कॉम्प्युटर आला. जालन्यात मी त्याच्यावर मराठी टायपिंग करायचे. अर्ज, पत्रिका, शाळांचे पेपर. घरात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं. सासरी त्याला माजघरात कोपरा मिळाला, भरतकामाचं झाकण मिळालं. आबा येता-जाता त्याच्याकडं नजरसुद्धा टाकायचे नाहीत. मला वाटायचं, या माणसाला ही वस्तू डोळ्यांत खुपते.

आबा एका बियाणे कंपनीचे गावातले ऑर्गनायझर होते. कंपनी नर आणि मादी वाणाचं बियाणं द्यायची. आबा ते शेतकऱ्यांना वाटून प्लॉट उभे करायचे आणि तयार झालेलं संकरित बी परत कंपनीकडं जायचं. मूळ बियाण्यातली चिमूटही बाहेर जाता कामा नये, हा नियम. क्रॉसिंगच्या हंगामात सगळं गाव जाळीत. सकाळी नर फुलांचा पराग घ्यायचा, आदल्या दिवशी सोलून ठेवलेल्या कळ्यांना एकेक करून लावायचा, दुपारून उद्याच्या कळ्या सोलायच्या. मान मोडायची, नखं हिरवी व्हायची. आणि जाताना, काही लपवून नेत नाही हे दिसायला, जाळीच्या दाराशी प्रत्येक बाईनं पदर झटकून दाखवायचा. सासूबाईसुद्धा झटकायच्या. मीही झटकला. नवी नवरी, आणि सासऱ्यासमोर पदर झटकून उभी! पहिल्या दिवशी मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी आभाळाकडं बघितलं आणि “चाल, पुढं” म्हणाले.

त्याच हंगामात माझा कॉम्प्युटर आजारी पडला. व्हायरस. एक फाइल उघडायला घेतली की चहा होऊन पिऊन व्हायचा. जेवताना मी ह्यांना म्हणाले, “जालन्याला जाऊन दुकानवाल्याकडून परत विंडोजची कॉपी मारून आणावी लागेल.”

आबांचा भाकरीचा हात थांबला. “कॉपी म्हंजी?”

मी मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर चालायला आत विंडोज लागतं, पण विकत कोण घेतंय, दुकानवाला एकच सीडी सगळ्यांच्या मशीनमध्ये टाकतो.

“मालकाला इचारून?”

“मालकाला कोण विचारतं हो आबा! सगळे असंच करतात.”

आबांनी ताट पुढं सरकवलं. चेहरा असा, जणू मी त्यांच्या पानात काहीतरी भलतंच वाढलं होतं. “म्हंजी मी तिकडं बायांचे पदर झटकून घेऊन राह्यलो, आन माझ्याच घरात चोरीचं बियानं हाये?”

मी उडालेच. सगळ्या जालना जिल्ह्यात, अहो सगळ्या देशात म्हणा, विंडोजच्या कॉपीला चोरी म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वाटलं हे हसतील, सांभाळून घेतील. ह्यांनी डाळीत बोट फिरवलं. आबा उठले, हात धुतला आणि सांगून टाकलं, “हंगाम उठायच्या आत ते डबडं घरातून गेलं पायजे. न्हाई तर अस्सल आन.”

अस्सल विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि तिची किंमत आबांना सांगायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी जाळीत कळ्या सोलताना डोळे वाहत होते. शेजारची बाई म्हणाली, मिरची झोंबली का? मी हो म्हणाले. कॉम्प्युटर गेला की टायपिंग गेलं आणि टायपिंग गेलं की या घरात मी फक्त सून. शिकलेलं सगळं पाण्यात. आणि तेही कशासाठी, तर जे सगळी दुनिया करते त्यासाठी! इतका राग आला होता की बोटांत कळ्या चुरगळल्या.

शाहीनला फोन केला. ती माझी डिप्लोमाची मैत्रीण. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान, वर घर, आणि ती एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. माझं रडगाणं ऐकून आधी खो खो हसली. मग म्हणाली, “अगे, लिनक्स डाल ले ना. मुफ्त का है और बिलकुल हलाल! तेरे ससुर कू बोल, अल्ला कसम चोरी का नहीं.”

लिनक्स म्हणजे काय ते मला ऐकून माहीत होतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, विंडोजच्या जागी चालणारं. तेच घेऊन वेगवेगळे लोक आपापल्या पद्धतीनं बांधतात, सजवतात, नाव देतात, आणि त्या प्रत्येकाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. आबांना मी सांगितलं, पीक एकच, वाण पुष्कळ. हे त्यांना चटकन कळलं. मात्र पुढचा प्रश्न ऐकून मी गारच झाले. “कोनाच्या वावरात उभं हाये? आधी डोळ्यानं बघू.” आमच्याकडं नवं वाण घ्यायचं तर आधी दुसऱ्याच्या शेतात उभं पीक बघून येतात. पाकिटावरच्या चित्राला कोणी भुलत नाही.

असे आम्ही सासरा-सून क्रॉसिंगच्या ऐन धांदलीत एक दिवस काढून जुन्या जालन्याला गेलो. शाहीनच्या अम्मीनं बशीतून चहा दिला. आबा टोपी मांडीवर ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले. शाहीननं तीन सीड्या काढल्या. मशीनमध्ये काही न भरता नुसत्या सीडीवरून चालून दाखवणाऱ्या. पहिली निळी, चकाचक. पण तिच्या जुन्या मशीनला ती ओढवेना, बाण हलवला की दमायची. “ह्याला पानी लई लागतं,” आबा म्हणाले. दुसरीत काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. आबांनी वाट बघितली. “हे उगवलंच न्हाई.” तिसरीचा पडदा उघडला तो तपकिरी, नांगरलेल्या जमिनीसारखा. आबा पुढं झुकले. “ही मातकट बरी दिसती. बाकीच्यांत नुसता भपका.” तिचं खरं नाव आमच्या घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. ती शेवटपर्यंत मातकटच राहिली.

मग आबांनी शाहीनला विचारलं, “बाई, ह्या बियाचा मालक कोन?”

“मामा, मालिक कोई न्हाई. सबका है.”

“आन मी त्याची नक्कल करून गावात वाटली तर?”

“वाटा ना मामा. उन्होंने खुद लिख के दिया है. लगाव, बाटो.”

आबांच्या हातातली बशी तिथंच थांबली. सगळं आयुष्य त्यांनी एकच गोष्ट सांभाळली होती, बी बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि ही जुन्या जालन्यातली पोरगी सांगते की बियाचा मालकच वाटा म्हणतो! चहावर साय धरली. शेवटी एवढंच बोलले, “ह्यात काहीतरी खोट असन.” शाहीननं लगेच कॉपी काढून देते म्हटलं, तर हात आडवा केला. “राग नको मानू पोरी. हातची नक्कल नगं. मालकाकडून सीलबंद येऊ दे.”

ती सीडी तेव्हा परदेशातून फुकट घरपोच यायची. मागवली. इकडं क्रॉसिंग संपत आलं, पहिल्या मिरच्या लाल व्हायला लागल्या आणि मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. तो आला तोच डोळे विस्फारून. “आबा, बाहीरदेशातून टपाल हाये! तुमचं कोन हाये तिकडं?” आबांनी पाकीट उन्हात धरून सील तपासलं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो तसा शोधला. मग माझ्याकडून त्यावरची इंग्रजी ओळ वाचून घेतली, की याच्या प्रती काढा, बदल करा, लोकांना द्या. माझ्यावर भरवसा नसल्यासारखी ह्यांच्याकडून परत वाचून घेतली. तेच निघालं. आबा मटकन ओट्यावर बसले.

मी ती मशीनमध्ये लावायला बसले तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, जुनं शेजारी ठेवायचं की सगळं पुसून टाकायचं? मी आबांना अर्थ सांगितला. म्हणाले, “शेजारी? दोन वानाच्या मधी अंतर लागतं, सूनबाई. भेसळ व्हती. मुळासकट उपट.” माझ्या डोक्यात एवढंच वाजत होतं की कॉम्प्युटर राहिला, माझा कॉम्प्युटर राहिला! मी बटण दाबलं. मातकट पडदा आला. सासूबाईंनी देव्हाऱ्यातली हळद आणून मॉनिटरला बोट लावलं आणि हौसेनं म्हणाल्या, “आता लग्नाचे फोटू लाव की ह्याच्यावर.”

लग्नाचे फोटो ह्यांच्या मावसभावानं डिजिटल कॅमेऱ्यानं काढले होते. ते त्याच मशीनमध्ये होते, कागदावर एकही काढला नव्हता, आणि मावसभावानं कॅमेरा केव्हाच रिकामा केला होता. सासूबाईंना माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं. “म्हंजी? माझ्या एकुलत्या एका पोराचं लगीन गेलं?” आबा उभे राहिले. चपला घालून जाळीकडं गेले, ते दिवेलागणीला परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सासूबाई पुढं बरेच दिवस कॉम्प्युटरकडं पाठ करून बसायच्या.

आणि मातकट तरी काय सुखानं नांदली? आवाज येईना. मराठी अक्षरं कागदावर काढायची म्हटलं तर प्रिंटर ढिम्म. जालन्याला बाजाराला गेले की शाहीनकडून मशीनला द्यायच्या आज्ञा कागदावर लिहून आणायच्या, घरी एकेक अक्षर बघून टाइप करायच्या, आणि मशीननं इंग्रजीत काहीतरी खेकसायचं. “अगे, दो लफ्जों के बीच की जगा छूट गई तेरी,” शाहीन फोनवर ओरडायची. विंडोजची मला इतकी आठवण यायची, इतकी यायची, की माहेरची तेवढी आली नसेल. एकदा मात्र शाहीनच्या सांगण्यावरून भाषा बदलली आणि मशीन परत चालू केलं, तर सगळा पडदा मराठी! माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. सासूबाई धावत आल्या. पाठ फिरवून बसणाऱ्या त्या बाईनं वाकून पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, “क-च-रा-पे-टी.” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “आगं माय, ह्याला मराठी येती!”

हंगाम उठायला आला. घराघरातून मिरच्यांचं बी काढणं चाललं होतं, हातांची आग आग होत होती. अशात कंपनीचे साहेब पाहणीला आले. त्यांना प्लॉटचा अहवाल टाइप करून छापून लगेच हवा होता. मी टाइप केला. छापायला दिला. प्रिंटर ढिम्म. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते.

“हे काय लावलं वहिनी? असलं आपल्याकडं चालत नसतं.” त्यांनी पिशवीतून सीड्यांचं जाडजूड पाकीट काढलं. “ह्यात विंडोज हाये, मराठी फॉन्ट हायेत, फोटोचं हाये, सगळं. चहा होईस्तोवर टाकून देतो. प्रिंटर गपगुमान चालतो का नाही बघा.”

खरं सांगते, मला ते हवं होतं. तोंडाला पाणी सुटावं तसं हवं होतं. मी आबांकडं बघितलं. दारातून समोरची जाळी दिसत होती. सुटी झाली होती आणि बाया ओळीनं पदर झटकत बाहेर पडत होत्या.

आबांनी विचारलं, “साहेब, हे तुम्ही इकत घेतलं?”

“विकत? काय आबा तुम्ही पण! कॉपी हाये. सगळे वापरतात.”

“तिकडं बाया पदर झटकून राह्यल्या. कोनासाठी?”

साहेब हसले. आबा हसले नाहीत. आवाज बिलकुल न चढवता म्हणाले, “मंग आज तुमची पिशवी झटका.”

साहेबांचं हसू हळूहळू उतरलं, कान लाल झाले. त्यांनी पाकीट पिशवीत कोंबलं आणि चहा न घेता जीपमध्ये बसले. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आबा, काय केलं हे! वरीसभराची भाकर हाये ती!” आबांनी माझ्याकडं बघून मॉनिटरकडं बोट केलं. “झाकून ठिव. धूळ बसती. ऱ्हाऊ दे ते आता.”

कॉम्प्युटर राहिला. पुढच्या वर्षी जाळ्या शेजारच्या गावात लागल्या. आमच्या वावरात आबांनी सोयाबीन पेरलं. गावात माझ्यावर बोटं मोडली गेली, सूनबाईच्या डबड्यापायी प्लॉट गेले म्हणून. हे बापाशी दिवाळीपर्यंत धड बोलले नाहीत. मी तर थक्क होऊन आबांकडं बघतच राहायचे. पश्चात्तापाचं नाव नाही! प्रिंटर एका सकाळी शाहीनच्या कुठल्याशा आज्ञेनं खडखडला आणि कागद बाहेर आला, त्यावर स्वच्छ मराठी. आबांनी तो कागद वाचला नाही, नुसता हुंगला. म्हणाले, “त्या पाकिटावर वाटा लिव्हलंय ना? मंग काढ नकला.”

मी काढत गेले, आबा प्रत्येकीवर निळ्या मार्करनं ‘लावा. वाटा.’ लिहून वाटत गेले. लग्नात आहेराबरोबर, बाजारात ओळखीच्याला, राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत. किती जणांच्या घरी कॉम्प्युटर होता? शोधून एखादा सापडला असता. मी सांगून थकले. आबा म्हणायचे, “आज न्हाई तर उद्या उगवन. आपलं काम वाटायचं.” लोकही प्रसाद घेतल्यासारखी सीडी कपाळाला लावून घ्यायचे. जन्मभर मूठ आवळून बसलेला माणूस असा दोन्ही हातांनी वाटत सुटलेला बघून मला काही वेळा भीतीच वाटायची.

आज पोचले तेव्हा आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आम्ही गाव सोडून बरीच वर्षं झाली, ते इथंच राहतात. आता नजर अधू झालीय, सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. मी आधी बाजरीतली सीडी त्यांच्या हातात दिली. कुठं सापडली ते सांगितलं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि पोट धरून हसले. “पाखरं राखायला लागली? बरं हाये. कामाला तर आली.” मग मी लॅपटॉप उघडला. त्याच्यावर अजून तेच लिनक्स आहे, त्याच घराण्यातलं, पण पडदा आता जांभळा. आबांना हे अजून मान्य नाही. “माती कुठं गेली?” त्यांनी दरवेळचं विचारलं.

पेन ड्राइव्ह लावला. म्हटलं, “आबा, लग्नाचे फोटो. लग्नानंतर मी शाहीनला सीडी करून दिली होती म्हणे, मी साफ विसरले. तिच्या कपाटात सापडली.”

आबांचं हसू थांबलं. “म्हंजी आपल्याजवळचे गेले,” ते सावकाश म्हणाले, “आन दुसऱ्याला दिलेले तेवढे ऱ्हायले?” मग आत देव्हाऱ्याशेजारच्या सासूबाईंच्या फोटोकडं वळून म्हणाले, “आगं, सापडलं बघ तुझ्या पोराचं लगीन.” मला पुढचं काही दिसेना. डोळे पुसत एकेक फोटो पुढं ढकलू लागले. हळद, अक्षता, पंगत, नव्या साडीत अवघडलेल्या सासूबाई. आणि वऱ्हाडाच्या परतीचा एक. इतक्या फोटोंत हा तेव्हा माझ्या नजरेतून सुटलाच होता. मी पुढच्या गाडीत होते, नवरी. मागच्या टेम्पोत रुखवताच्या भांड्यांत आबा बसलेले. डोक्याला फेटा. मांडीवर माझा मॉनिटर, आहेराच्या कोऱ्या शालीत गुंडाळलेला. दोन्ही हातांनी त्याला कवटाळलेलं, तान्ह्या लेकराला धरतात तसं. जालन्यापासून टेंभुर्णीपर्यंत.

ज्या माणसाला ती वस्तू खुपते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, तो हा.

“आबा, हे... तुम्ही असे सगळ्या वाटेनं?”

आबांनी मान पडद्याजवळ नेली, डोळे बारीक करून स्वतःला ओळखलं आणि जरा ओशाळले. टोपी सारखी केली.

“मंग काय करता, सूनबाई,” ते म्हणाले, “रस्ता लई खराब व्हता तवा.”